वेडा, ल्युनॅटिक, मनोरुग्ण, शुभार्थी : आजाराची नावे आणि बरे होण्याचे शब्द

१/
मुंबईत एखाद्याची थट्टा करायची असेल तर 'याला ठाण्याला पाठवायला हवं' असे म्हणतात. पुण्यात त्याच कामासाठी येरवड्याचे नाव घेतले जाते, उत्तरेत आग्र्याचे किंवा रांचीचे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयाच्या नावाचा अपभ्रंश होऊन इंग्रजीत 'बेडलम' हा गोंधळ-गदारोळाचा शब्द तयार झाला, तसाच हा प्रकार. गावाचे नावच आजाराचे नाव होऊन बसले. मात्र या सर्व वाक्प्रचारांत माणूस तिकडे जातो. तिकडून बरा होऊन परत येणाऱ्यासाठी असा एकही वाक्प्रचार नाही. या थ्रेडमध्ये हाच विषय आहे : मनाच्या आजाराची नावे कशी बदलत गेली, बरे होण्यासाठी कोणते शब्द होते, आणि ते शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाकडे होता.

२/
सुरुवात मराठीच्या व्याकरणापासून करू. 'तो वेडा आहे' आणि 'त्याला वेड लागले आहे' ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगतात असे वरवर वाटते. पहिल्या वाक्यात वेड हा माणसाचा गुणधर्म आहे. दुसऱ्यात ते बाहेरून येऊन त्याला चिकटले आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तसेच वेड लागते. लागलेली वस्तू सुटूही शकते, ही शक्यता त्या क्रियापदातच आहे. आज आरोग्यक्षेत्रात आग्रह धरला जातो की आधी माणसाचा उल्लेख करावा, मग आजाराचा. मराठीने चतुर्थीचा प्रत्यय लावून ती सोय फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. फक्त आपण ती वापरत नाही. हाक मारताना, शिवी देताना आपल्या तोंडी 'वेडा'च येतो.

३/
शिवाय हा शब्द केवळ हीनतेचाही नाही. हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना गडकिल्ल्यांचे वेड असेल, आणि ते कोणी म्हटले तर त्यांना बरेच वाटेल. विदर्भातील ऋद्धिपूर (आजचे रिद्धपूर) येथील तेराव्या शतकातील गोविंदप्रभू हे या दुहेरीपणाचे सर्वांत जुने आणि ठळक मराठी उदाहरण. महानुभाव पंथ त्यांना पंचकृष्णांपैकी एक मानतो. त्यांच्या लीळा सांगणारा जुना मराठी गद्यग्रंथ वाचला तर दिसते की त्यांचे वागणे लोकरूढीला सोडून होते. गावातील लोक त्यांना वेडे म्हणत, पिसे म्हणत, आणि तेच लोक त्यांना आई-बापही म्हणत. त्या गावाने त्यांना कुठेही 'पाठवले' नाही. अर्थात एका अवतारी पुरुषाच्या चरित्रावरून सामान्य वेड्याचे आयुष्य ताडता येत नाही. इतकेच म्हणता येते की त्या काळच्या मराठीत 'वेडा' या शब्दाला आदराची बाजू होती आणि गावाला ती कळत होती.

४/
दुसरी जुनी परिभाषा बाधेची. झपाटणे, लागीर होणे, बाहेरचे असणे, भूतबाधा. नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर येथे अशा माणसांना आणण्याची परंपरा जुनी आहे. या परिभाषेत बरे होण्यालाही शब्द आहे : बाधा 'उतरते', भूत 'निघते'. माणूस आतून बिघडलेला नसतो, त्याच्यात कोणीतरी शिरलेले असते, त्यामुळे ते निघून गेले की तो पुन्हा जसाच्या तसा कुटुंबात सामावू शकतो. हा या भाषेचा मोठा दिलासा होता. तिची किंमतही तितकीच मोठी होती, कारण भुताला मारायचे तर मार अंगावर बसतो तो माणसाच्याच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे ही कृत्ये आहेत. एकविसाव्या शतकात ती यादी करावी लागली.

५/
तिसरी परिभाषा वैद्यांची. 'उन्माद' हा चरकसंहितेतील शब्द. निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. वात, पित्त, कफ, सन्निपात आणि आगंतु असे उन्मादाचे पाच प्रकार चरक मानतो. मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार यांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी त्याची मांडणी आहे. मला स्वतःला त्या अध्यायातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अध्यायाच्या शेवटाकडे. तिथे चरक उन्मादातून मुक्त झालेल्या माणसाची लक्षणे देतो. इंद्रिये, बुद्धी आणि मन यांना आलेली प्रसन्नता, म्हणजे निर्मळपणा, आणि धातू आपापल्या मूळ स्थितीत येणे. त्यासाठी त्याने शब्दही योजला आहे : विगतोन्माद. आजाराची व्याख्या करणाऱ्याने बरे होण्याचीही व्याख्या करावी, ही अपेक्षा वाजवी वाटते. पुढच्या दोन हजार वर्षांत ती फार थोड्यांनी पूर्ण केली.

६/
आता कंपनी सरकारकडे येऊ. १८५७ च्या उठावानंतरच्याच वर्षी, १८५८ मध्ये, हिंदुस्थानात वेडाविषयी एकापाठोपाठ तीन कायदे झाले : ३४, ३५ आणि ३६ क्रमांकाचे. ३४ वा कायदा मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील सर्वोच्च न्यायालयांसाठी; ३५ वा मुफसलातील जिल्हा न्यायालयांसाठी; ३६ वा असायलमसाठी. म्हणजे तीनपैकी दोन कायद्यांचा विषय मुख्यतः इस्टेट हा होता. माणूस 'अनसाउंड माइंड'चा आणि आपला व्यवहार सांभाळण्यास असमर्थ ठरला की त्याच्या जमिनीचे, वाड्याचे, सावकारीचे काय करायचे? हा प्रश्न वैद्याच्या आधी न्यायाधीशाला पडला. 'चित्त ठिकाणावर नसणे' ही घरात बोलायची गोष्ट तोवर होती. आता ती न्यायालयाच्या निवाड्यातील बाब झाली आणि त्या निवाड्यावर सातबाऱ्यासारखीच मालमत्ता अवलंबून राहिली.

७/
या कायद्यांतील 'ल्युनॅटिक' हा शब्द लॅटिन 'लूना' म्हणजे चंद्र यावरून आलेला. चंद्राच्या कलांबरोबर मनाचा तोल ढळतो, या जुन्या युरोपीय समजुतीचा तो अवशेष. आपल्याकडे नैराश्यग्रस्त, व्याधिग्रस्त म्हणताना जो 'ग्रस्त' येतो, त्याचाही संबंध ग्रहणाशी आहे. ग्रासलेला तो ग्रस्त. दोन्ही भाषांनी आकाशाकडे बोट दाखवले हा योगायोग गमतीचा आहे. एवढा फरक मात्र आहे की ग्रहण सुटते.

८/
असायलम या शब्दाचा मूळ अर्थ आश्रयस्थान. मुंबईत कुलाब्याला, नंतर रत्नागिरीला आणि इतरत्र अशा संस्था निघाल्या; १९०१ मध्ये नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून ठाण्याला नौपाड्यात मोठे असायलम उभे राहिले. मराठीत त्यांना 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणू लागले. सरकारी इंग्रजीत आश्रय आहे आणि लोकांच्या मराठीत इस्पितळ, म्हणजे उपचाराची अपेक्षा. लोकांनी सरकारपेक्षा चांगला शब्द निवडला असे मला वाटते, भिंतीच्या आत परिस्थिती काहीही असो.

९/
इथे थोडे थांबून एक कागद पाहू, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. असायलममध्ये माणूस दाखल होताना त्याच्याबरोबर एक वर्णनपत्रक येत असे. त्यात एक रकाना होता : वेडाचे कारण. ते पत्रक भरत असे ते बहुधा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटचे कार्यालय. रस्त्यावर सापडलेल्या माणसाच्या वेडाचे कारण पोलिसाला कसे कळावे? पण रकाना रिकामा ठेवता येत नसे. मग 'गांजा' असे लिहून टाकणे सोयीचे होते. तीच पत्रके एकत्र करून वार्षिक अहवालांतले तक्ते बनत, त्या तक्त्यांवरून गांजाने वेड लागते हा निष्कर्ष निघे, आणि तो निष्कर्ष ठाऊक असलेला पुढचा पोलीस पुन्हा 'गांजा' लिही.

१०/
हे वर्तुळ उघडकीस आणले ते १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने. कमिशनने १८९२ या एका वर्षातील देशभरच्या असायलममधील दाखल्यांची छाननी केली. एकूण १,३४४ दाखले. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदवलेले होते. प्रत्येक प्रकरणाची चौकशी मागे गावापर्यंत, नातेवाइकांपर्यंत नेली तेव्हा हा आकडा ९८ वर आला, आणि त्यांतल्याही काहींत गांजाखेरीज इतर कारणे होती. जवळजवळ सव्वाशे माणसांच्या नावापुढे एक शब्द निव्वळ सवयीने लिहिला गेला होता. दप्तरातील नोंद ही नोंद करणाऱ्याविषयीही काही सांगत असते, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

११/
१९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट पुढची सुमारे ऐंशी वर्षे टिकला. आत जाण्याचे मार्ग त्याने तपशीलवार आखले : नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, रस्त्यावर भटकणाऱ्यासाठी पोलीस. बाहेर येण्याचेही मार्ग होते. असायलमच्या व्हिजिटरांपैकी तिघांनी, ज्यांत एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, लेखी हुकूम द्यायचा. किंवा ज्याने अर्ज करून आत पाठवले त्यानेच सोडण्याची विनंती करायची. किंवा एखाद्या नातेवाइकाने हमी लिहून देऊन घरी न्यायचे. बारकाईने पाहा : प्रत्येक दारावर सही दुसऱ्याची आहे. 'मी आता बरा आहे' हे वाक्य आतल्या माणसाने कितीही वेळा उच्चारले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचे वजन थोडेच. उलट तेच वाक्य वेडाचे लक्षण मानले जाण्याची भीती.

१२/
१९२० च्या सुमारास रांचीच्या युरोपियन असायलमचे अधीक्षक ओवेन बर्कले-हिल यांच्या प्रयत्नांनी सरकारने 'असायलम'ऐवजी 'मेंटल हॉस्पिटल' हे नाव स्वीकारले. गंमत अशी की कायदा मात्र ल्युनसीचाच राहिला. पाटीवर हॉस्पिटल आणि कागदावर ल्युनॅटिक, असे हे सात दशकांहून अधिक काळ चालले. मराठीत 'मनोरुग्णालय' रूढ झाले आणि त्यातून 'मनोरुग्ण'. हा शब्द संस्कृतनिष्ठ, सभ्य, वैद्यकीय. त्याचे पुढे काय झाले हे पाहायला कोणत्याही राजकीय वादाच्या खालच्या प्रतिक्रिया वाचाव्यात. सभ्य शब्दाची शिवी व्हायला फार वर्षे लागली नाहीत.

१३/
'मनोविकार' या शब्दाची कथा याहून रंजक. एकोणिसाव्या शतकातील मराठीत विकार म्हणजे प्रामुख्याने भावनेचा क्षोभ : काम, क्रोध, मत्सर, शोक. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर केले (१८८३) त्याचे नाव 'विकारविलसित'. वेडाचे सोंग घेणाऱ्या आणि खऱ्या वेडाच्या काठावर उभ्या असलेल्या राजपुत्राच्या नाटकाला त्यांनी विकारांचा खेळ म्हटले. त्या अर्थाने मनोविकार प्रत्येकाला असतात. ते नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. विसाव्या शतकात मानसोपचारशास्त्राला शब्द हवा होता तेव्हा हाच शब्द उचलला गेला आणि त्याचा अर्थ आजार असा आकुंचन पावला. 'आपण सर्व' या गटातून तो शब्द 'ते लोक' या गटात गेला. म्हणून जुने मराठी निबंध वाचताना 'मनोविकार' दिसला की आजचा अर्थ लावू नका. बरीच वाक्ये भलतीच होऊन बसतील.

१४/
शब्दांवर इतका खल कशासाठी, असे कोणाला वाटत असेल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा पाहा. वधू किंवा वर 'इडियट किंवा ल्युनॅटिक' नसावा ही विवाहाची अट होती. घटस्फोटासाठी जोडीदार किमान तीन वर्षे सलग 'इन्क्युरेबली', म्हणजे बरा न होण्याइतका, अनसाउंड माइंडचा असावा लागे. संसार मोडायचा तर समोरचा कधीच बरा होणार नाही हे सिद्ध करणे आवश्यक. बरे होण्याची आशा ही तिथे अर्जदाराच्या विरुद्ध जाणारी बाब होती. १९७६ मध्ये भाषा बदलली, पण विवाहाच्या अटीत वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, झटके घातले गेले. ते शब्द काढून टाकायला १९९९ साल उजाडले. मेंदूच्या एका आजारामुळे किती मुलींची लग्ने मोडली असतील याची गणना कोणी केलेली नाही. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की स्किझोफ्रेनिया हे नुसते नाव चिकटवल्याने घटस्फोट मिळत नाही. आजाराची तीव्रता आणि सहजीवनावरील परिणाम पाहावा लागतो.

१५/
१९८७ मध्ये मेंटल हेल्थ ॲक्ट झाला. तो १९९३ मध्ये अमलात आला. ल्युनॅटिक गेला, क्रिमिनल ल्युनॅटिक गेला. मानसिक आजारी व्यक्तीची नवी व्याख्या अशी : मानसिक विकारामुळे जिला उपचारांची गरज आहे ती. ही व्याख्या मला महत्त्वाची वाटते. गरज संपली की व्याख्याही संपते; माणूस त्या शब्दात कायमचा कोंडला जात नाही. निदान कागदावर तरी.

१६/
कागदाबाहेर काय होते ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. (हे आपले येरवडा नव्हे, नावांच्या साम्यामुळे गोंधळ होतो.) दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खाजगी निवासात आग लागली. माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जणांचा मृत्यू झाला. बाधेची भाषा, आश्रयाची भाषा आणि चौदा वर्षांपूर्वीच्या सुधारित कायद्याची भाषा या तिन्ही तिथे एकाच वेळी अस्तित्वात होत्या.

१७/
याच सुमारास महाराष्ट्रात एक वेगळी घडामोड चालू होती आणि ती न्यायालयातून आली नव्हती. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी व्यसनमुक्तीचे केंद्र सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. नाव ठेवले मुक्तांगण. १९९० मध्ये ठाण्यात, होय, ठाण्यातच, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ काढली. या नावांत आजाराचा उल्लेख नाही हे सहज घडलेले नसावे. ज्या दोन गावांची नावे थट्टेसाठी वापरली जात, त्याच दोन गावांतून नवे शब्द आले.

१८/
त्यांतला एक शब्द मला विशेष आवडतो. ठाण्या-पुण्याच्या स्वमदत गटांमध्ये आजाराशी झुंजणाऱ्या माणसाला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्या आई, भाऊ, पत्नी यांना 'शुभंकर'. विद्यार्थी विद्येची इच्छा धरतो, तसा शुभार्थी शुभाची. आजवरची सर्व नावे माणसाकडे काय नाही किंवा काय बिघडले आहे हे सांगत होती. हे नाव तो कोणत्या दिशेने चालला आहे ते सांगते. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने हे शब्द पुष्कळ रुजवले. त्या कामामागे कॅनडात कॅलगरी येथे स्थायिक झालेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपटही याच प्रयत्नांशी जोडलेला. काहींना शुभार्थी हा शब्द फार गोड, फार सुविचारी वाटतो. ही तक्रार मी समजू शकतो. पण तो त्या माणसांनी आपल्या बैठकीत स्वतःसाठी वापरला, ही गोष्ट आधीच्या कोणत्याही शब्दाबाबत सांगता येत नाही.

१९/
बोलीतही बरे होण्याचे शब्द आहेतच, ते आपण आजारासाठी गंभीरपणे वापरत नाही इतकेच. भानावर येणे, ताळ्यावर येणे, सावरणे, उभारी धरणे. आणि सर्वांत अर्थपूर्ण : माणसात येणे. दीर्घ दुखण्यातून उठलेल्याविषयी आजी म्हणते, 'आता जरा माणसात आलाय.' यात औषधाने उतरलेल्या लक्षणांपेक्षा जास्त काही आहे. चार माणसांत बसता येणे, त्यांनी बसू देणे, हेही त्यात आले. म्हणजे बरे होण्याचा अर्धा भाग इतरांच्या हातात असतो, हे त्या वाक्प्रचाराला ठाऊक आहे.

२०/
२०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टचे (अंमल २०१८ पासून) तिसरे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पूर्वी कधी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहिले, एवढ्यावरून आज किंवा उद्या कोणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. तसेच मानसिक आजार आहे म्हणून ती व्यक्ती आपोआप अनसाउंड माइंडची होत नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. पाचव्या कलमानुसार माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत. १९१२ च्या दारावर सही दुसऱ्याची होती, हे आठवत असेलच.

२१/
अनसाउंड माइंड हा शब्द मात्र गेलेला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ मध्ये खासदाराच्या अपात्रतेसाठी तो आहे. ३२६ मध्ये मतदानाच्या हक्काबाबत आहे. १८७२ च्या करार कायद्याची 'साउंड माइंड'ची अट अजून आहे. भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमातील हाच शब्द बदलून २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या पहिल्या मसुद्यात 'मानसिक आजार' असा घातला गेला होता. संसदीय समितीने हरकत घेतली : ही संज्ञा फार व्यापक आहे, २०१७ च्या कायद्यातील व्याख्येत तर दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित अवस्थाही येतात. अंतिम संहितेच्या २२ व्या कलमात जुनाच शब्द परत आला. इथे मी समितीच्या बाजूने आहे. गुन्ह्याच्या जबाबदारीतून सूट देण्याचा निकष आणि आजाराचे नाव ही दोन कामे एकाच शब्दाकडून करून घेतली, तर नैराश्याची गोळी घेणारा प्रत्येक जण संशयित ठरतो.

२२/
शेवटची नोंद २०२१ ची. मनोरुग्णालयांतून बरे झालेल्या, घरी पाठवण्यास योग्य ठरलेल्या, पण घरच्यांनी न नेलेल्या माणसांविषयीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात अनेक वर्षे चालू होता. त्यात असे समोर आले की महाराष्ट्रात अशा व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. न्यायालयाने ते तत्काळ थांबवण्यास सांगितले आणि निमवाटेतील घरांची, म्हणजे रुग्णालय व समाज यांच्या मधल्या निवासांची, व्यवस्था करण्याची आठवण राज्यांना दिली. कागदावर ही सर्व माणसे बरी झालेली होती. ती राहत कुठे होती, तर जिथे त्यांना दुसरेच एक नाव मिळणार होते तिथे.

(थ्रेड समाप्त. जुन्या कागदपत्रांत, घरच्या पत्रांत किंवा आजी-आजोबांच्या बोलण्यात बरे होण्यासाठीचे आणखी शब्द सापडले तर खाली जरूर लिहा. गावाचे नाव लिहायला विसरू नका.)